डोलकर भोपाळात
(साकेत नगरच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)

मुलांच्या समूहगीतासाठी आम्ही ‘मी डोलकर’ निवडले, तेव्हा काहींनी विचारले, भोपाळात समुद्र कुठे? आपला तो बडा तालाब! पण हे गाणे केले कोणी ते पाहा. शब्द शांता शेळके यांचे, जन्म इंदापूरचा, पेशा मराठीच्या प्राध्यापकीचा. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायले हेमंतकुमारांनी, जन्म काशीचा, भाषा बंगाली. सोबत लतादीदी, 1929 साली आपल्या इंदूरला जन्मलेल्या. कोळीवाड्यातले यांत कोणीच नाही.

शिवाय हे चित्रपटातले गाणे नव्हे. पडदा नाही, नट नाही. तबकडीच्या मोजक्या मिनिटांत समुद्र कानांनाच दाखवायचा. हेमंतदांच्या उच्चारात बंगाली गोलाई शोधणारे शोधोत, आम्हाला तो भरदार आवाज नाखव्याचाच वाटतो.

मुलांना आधी अर्थ सांगितला. डोल म्हणजे पिशवीसारखे लांब जाळे. ते एका जागी बांधून, तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे उघडे ठेवतात. त्यावर मासेमारी करणारा तो डोलकर. आपली मुले घरी हिंदी बोलतात, हे लपवून काय उपयोग? पण त्या दिवशी दोघी-तिघींनी घरी जाऊन आजीला ‘नाखवा’ म्हणजे काय ते विचारले. आज्यांनाही सांगता येईना, मग त्यांनी मुंबईला फोन लावले!

गाणे परवा संध्याकाळी आहे. पुठ्ठ्याची वल्ही तयार आहेत, रंगवायला उद्या चार हात हवेत.