बंद होताना काय अडकतं?



संगणक सुरू होताना पडद्यावर कधीकधी 'रिकव्हरिंग जर्नल' अशी एक ओळ झरकन सरकून जाते. पुढे सगळं सुरळीत चालतं, म्हणून आपण ती विसरतो. पण ती ओळ कालची असते. काल संगणक बंद होताना एखादी फाइल सिस्टीम नीट अनमाउंट झाली नाही, याची ती पावती. म्हणून दोष शोधायचा तो बंद होण्याच्या वेळेत. आज मी लिनक्सपुरतंच बोलणार आहे.

प्रोग्रामने लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जातोच असं नाही. लिनक्समध्ये तो साधारण 30 सेकंदांपर्यंत मेमरीत थांबू शकतो. अनमाउंट म्हणजे हे उरलंसुरलं डिस्कवर उतरवून वर 'क्लीन' असा शेरा मारणं. 1993 च्या ईएक्सटी-2 मध्ये हा शेरा नसला की एफएसचेक अख्खी फाइल सिस्टीम तपासत बसे. मोठ्या डिस्कला तेवढा वेळ कोण देणार? 2001 मध्ये मुख्य कर्नेलात आलेल्या ईएक्सटी-3 ने जर्नल आणलं. दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. खतावणी अर्धी राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. पुढच्या ईएक्सटी-4 चीही रीत हीच. तपासणी क्षणांवर आली, आणि मूळ दुखण्याकडे दुर्लक्ष करणं सोपं झालं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: एरवीच्या मांडणीत जर्नल फाइल सिस्टीमची रचना सांभाळतं. तुमच्या फाइलमधल्या शेवटच्या परिच्छेदाची हमी ते देत नाही.

आता बंद होण्याचा क्रम पाहू. सेवा सुरू-बंद करणारं सिस्टमडी प्रत्येक सेवेला 'सिगटर्म' पाठवतं, म्हणजे आवरायला सांगतं. एरवी 90 सेकंद वाट पाहतं, तरीही ती थांबली नाही तर 'सिगकिल', म्हणजे सक्तीने मारणं. मग एकेक फाइल सिस्टीम अनमाउंट होते. शेवटी पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, म्हणजे सिस्टमडीच, स्वतःच्या जागी एक छोटा शटडाउन प्रोग्राम आणते. तो उरलेल्या प्रोसेस मारतो आणि राहिलेलं अनमाउंट करून पाहतो. रूटवरूनच, म्हणजे मूळ फाइल सिस्टीमवरूनच, तो स्वतः चालत असल्यामुळे रूट निदान 'फक्त वाचण्यापुरती' तरी केली जाते.

अडकतं ते बहुधा एकाच कारणाने: कोणीतरी फाइल धरून बसलेलं असतं. सिस्टमडीच्या आधी पहिली प्रोसेस असलेल्या जुन्या सिसव्ही इनिटच्या काळातला नमुना ऐका. सी लायब्ररी अद्ययावत झाली, जुनी फाइल पुसली गेली. पण इनिटने ती उघडीच धरलेली. पुसलेली पण उघडी फाइल असताना कर्नेल रूटला 'फक्त वाचण्यापुरती' होऊ देत नाही. म्हणून इनिटला पुन्हा स्वतःला सुरू करायला सांगावं लागे. आज पहिली प्रोसेस शेवटी स्वतःच बदलते, तेव्हा ही गाठ सुटली आहे.

दुसरा नमुना आजही भेटतो. एनएफएसवरची, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल सिस्टीमवरची, फाइल उघडी आहे आणि नेटवर्क आधीच गेलं. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत प्रोसेस कर्नेलात अडकू शकते, आणि मग सगळं खोळंबतं. यात बंद करण्याचा क्रमच उलटा पडलेला असतो. माउंटच्या नोंदीत '_नेटडेव्ह' लिहिलं की सिस्टमडी त्याला नेटवर्कवर अवलंबून मानतं आणि आधी अनमाउंट करतं.

तपास करताना मोठी अडचण ही, की साक्षीदार आधी निघून जातो. नोंदी ठेवणारी सेवाही शेवटी बंद होते. म्हणून सुरुवात मागच्या खेपेच्या नोंदीपासून करावी: 'जर्नलसीटीएल'ला मागचं बूट मागायचं आणि 'फेल्ड अनमाउंटिंग' शोधायचं. त्यासाठी नोंदी डिस्कवर साठवल्या जात असायला हव्यात. यंत्र चालू असतानाच 'फ्यूझर' किंवा 'एलएसओएफ'ने संशयित माउंटवर कोण बसलंय ते पाहावं. तेवढ्याने भागलं नाही तर सिस्टमडीचं डीबग शेल सुरू करावं. बंद होताना कंट्रोल-ऑल्ट-एफ9 दाबलं की नवव्या कन्सोलवर ते मिळतं आणि अडकलेली प्रोसेस डोळ्यांनी दिसते. अगदी शेवटच्या टप्प्यासाठी 'सिस्टम-शटडाउन' फोल्डरमध्ये स्क्रिप्ट ठेवता येते. रूट क्षणभर लिहिण्याजोगी करून ती कर्नेलचे संदेश फाइलमध्ये टाकते.

आता एका मोहाबद्दल बोलून थांबतो. ते 90 सेकंद असह्य होतात म्हणून अनेकजण 10 करून टाकतात, किंवा सरळ पॉवरचं बटण दाबून धरतात. संगणक चटकन बंद होतो खरा. पण एखादा डेटाबेस आवरत असताना मारला जातो, आणि कोण अडलं होतं हेही कळत नाही. उशीर का होतोय हे सांगणारी ओळ पडद्यावर असते. 'अमुकचं स्टॉप जॉब चालू आहे' असं ती नावानिशी सांगते. आधी ते नाव लिहून घ्या, त्या सेवेचं काय अडतंय ते शोधा. ते सुटलं की 90 चा आकडा बदलायची गरजच बहुधा उरत नाही.