कुरकुर ऐकताना

(स्त्री-गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या आणि पुण्यातलं काम मागे राहिलं होतं. फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. हे पत्र मी शिबिरांतून बरेचदा सांगत आले. एकमेकींचं काम उचलायचं, तक्रार करायची नाही, एवढाच अर्थ मी त्यातून काढत होते. आज मला कुरकुर करणाऱ्या एका बाईबद्दल बोलायचं आहे.

ठाकुर्लीत रेल्वेरुळांलगतच्या वस्तीत आम्ही चौघी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मी समन्वयक. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या ताई गणित शिकवतात. शनिवारी वर्ग सुटल्यावर चौघींनी बसून पुढच्या आठवड्याची टाचणं एकत्र काढायची, असं मी ठरवलं. 'मी ठरवलं' हे शब्द लक्षात ठेवा. तिघी बसायच्या. ताई पिशवी उचलून म्हणायच्या, "तुमचं चालू द्या, मॅडम. माझं टाचण माझ्या डोक्यात आहे." त्या मला एरवी नावाने हाक मारतात. 'मॅडम' कशासाठी होतं, ते मला कळत होतं.

सामूहिकतेची जाणीव नाही, असं मी त्यांच्याबद्दल मनाशी ठरवून टाकलं. समाजकार्याच्या पदवीत हे शब्द आयते मिळतात.

मग त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ताई तीन आठवडे आल्या नाहीत. त्या पाचवीच्या मुलांना तास-मिनिटांची वजाबाकी शिकवत होत्या. ५ वाजून ४५ मिनिटांना निघालेली लोकल ६ वाजून १० मिनिटांना पोचली, तर किती वेळ लागला? मुलं तासातून हातचा घेताना ६० ऐवजी १०० घेतात आणि उत्तर ६५ मिनिटं काढतात. आमच्या मुलांना गाडीच्या आवाजावरून जलद की धीमी हे कळतं, म्हणून ताईंनी लोकलच्या वेळापत्रकावरूनच हा धडा बांधला होता. आम्हा तिघींना त्यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही मुलांना पुन्हा पाढे म्हणायला बसवलं. दोन मुली यायच्या बंद झाल्या. "तेच तेच चालतं," असं एकीच्या आईने मला तोंडावर सांगितलं.

मी ताईंच्या घरी गेले ती जरा रागातच. त्या सासूबाईंना भरवत होत्या. हात धुऊन बसल्या आणि बोलल्या. आधी त्या एका खासगी शाळेत होत्या. तिथे सगळ्यांची टाचणं 'एकत्र' करायची म्हणून वह्या मागून घेतल्या. जूनमध्ये कमी पगारावर नवी मुलगी आली, तिच्या हातात यांची वही होती. यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. "आणि शनिवारी तू आठपर्यंत बसवतेस," त्या म्हणाल्या, "त्याचे पैसे कुठे धरलेत? साडेसातला यांचं जेवण असतं. ते कोण करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. तो कायदा मी पालकसभेत समजावून सांगते. आमच्या अभ्यासिकेला तो लागू नाही, पण तयारी हे काम आहे एवढं तरी त्यातून घेता आलं असतं. घरातलं बाईचं काम मोजलं जात नाही म्हणून आपण भांडतो. इथे मीच तिचा वेळ फुकट धरून चालले होते.

मग आम्ही चौघींनी मिळून काही गोष्टी बदलल्या. बैठक शनिवारच्या वर्गाच्या वेळातच घेतो. त्या दिवशी वर्ग एक तास कमी. मानधन तेवढंच राहतं. टाचणावर जिचं तिचं नाव असतं आणि तिला विचारल्याशिवाय वही अभ्यासिकेबाहेर जात नाही. वह्या मी तपासत नाही. आठवड्याला एकच धडा चौघींनी बांधायचा, बाकीचे ज्याचे त्याने. पहिल्या बैठकीत मी माझा फसलेला भाषेचा धडा मांडला. ताईंनी त्यातल्या तीन चुका काढल्या, आणि तिन्ही खऱ्या होत्या.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. ताई अजून काही शनिवारी येत नाहीत. दोन मुलींपैकी एकच परत आली. पण लोकलचा धडा आता कपाटात आहे, ताईंच्या नावासकट, आणि गेल्या महिन्यात त्या नसताना आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीने तो घेतला.

ताईंचा विरोध मी मोडून काढला असता, तर टाचणं एकत्र झाली असती, पण त्यांचा धडा त्यांच्याजवळच राहिला असता. तुमच्या गटात कुणी 'माझं मी करते' म्हणत असेल, तर तिला सामूहिकतेचं महत्त्व समजावण्याआधी विचारा: तुझं काय हिरावून घेतलं होतं? आणि आम्ही तुझा किती वेळ फुकट घेतोय?

फातिमा शेख यांनी कुरकुर केली नसेलही. पण त्यांना त्रास पडत असेल हे सावित्रीबाईंनी न सांगता ओळखलं होतं. पत्राचा तो भाग मी इतकी वर्षं वाचूनही सोडून देत होते.