अनेक हातांचा संगणक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत संगणकाविषयी बोलण्याचा मान मजसारख्या बी. ए. झालेल्या सरकारी नोकराला मिळावा, याचे आपल्याइतकेच मलाही आश्चर्य वाटते. मी या विषयातला अधिकारी नव्हे. परंतु माझी कन्या बंगलोरला याच क्षेत्रात काम करते, आणि ती सुटीत घरी आली की प्रश्न विचारून मी तिला भंडावून सोडतो. त्यातून जे उमगले आणि तीस वर्षांच्या कचेरीतील अनुभवाशी जे ताडून पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

संगणक किंवा मोबाइल घ्यायला गेलो की दुकानदार सांगतो, यात आठ कोअर आहेत. आठ म्हणजे चाराची दुप्पट, तेव्हा वेगही दुप्पट, असा आपला समज होतो. तो कितपत खरा, हाच आजचा विषय.

कोअर म्हणजे हिशेब करणारा एक स्वतंत्र कारकून समजा. १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर विक्रीस आणला, तेव्हा त्यात असा एकच कारकून आणि सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. पुढील तीस वर्षे या एकट्याचा वेग वाढवीत नेणे हाच प्रगतीचा राजमार्ग ठरला. ट्रान्झिस्टर लहान केला की तो अधिक वेगाने चालतो आणि वीजही कमी खातो, हे गणित रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. २००४ च्या सुमारास ते बिघडले. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि चिप तापू लागली. पेंटियम ४ सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांपर्यंत पोहोचला. ४०० कोटींचा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला. त्यानंतर वीस वर्षांत हा आकडा ६०० कोटींच्या आसपासच पोहोचला आहे.

वेग वाढेना, तेव्हा हात वाढविले. आयबीएमने २००१ मध्येच एका चिपवर दोन कोअर बसविले होते. २००५ मध्ये घरगुती संगणकांतही ते आले. २०२४ मध्ये एएमडीने मोठ्या यंत्रांसाठी १९२ कोअरचा प्रोसेसर बाजारात आणला.

याच्याच जोडीला दुसरी युक्ती थ्रेडची. अभिलेख कक्षातून फाइल येईपर्यंत हुशार कारकून हातावर हात ठेवून बसत नाही, दुसरे प्रकरण उघडतो. कोअरलाही स्मृतीतून माहिती येण्याची अशीच वाट पाहावी लागते. त्या रिकाम्या क्षणांत तो दुसरा धागा पुढे नेतो. पण एका टेबलावर दोन प्रकरणे पसरली की एकाचे गुपित दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. २०१८ मध्ये प्रोसेसरांतील सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या, तेव्हा काही ठिकाणी ही सोय बंद ठेवण्यात आली. २०२४ मधील लॅपटॉपच्या काही चिपांतून इंटेलने ती काढूनच टाकली. तेथे मुख्य विचार विजेच्या काटकसरीचा होता.

आता माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी निवृत्तिवेतनाचा विभाग सांभाळीत होतो. प्रकरणे तुंबली, म्हणून वरिष्ठांनी चार कारकुनांचे दहा केले. टिपणे, बेरजा, पत्रे यांचा फडशा पडला. परंतु प्रत्येक प्रकरणावर शेवटी एकाच अधिकाऱ्याची सही लागे, आणि तो अधिकारी मी होतो. ढीग तेवढा दहा टेबलांवरून माझ्या टेबलावर आला. एका शिपायाच्या विधवेला पहिले निवृत्तिवेतन मिळायला अकरा महिने लागले; त्यांतील सात महिने तिची फाइल माझ्यापाशी होती. ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये संगणकाविषयी नेमके हेच सांगितले होते. एका कामाला शंभर मिनिटे लागतात आणि त्यांतील दहा मिनिटांचे काम वाटून देता येत नाही, असे समजा. दहा कारकून लावले तर उरलेल्या नव्वद मिनिटांची नऊ होतील. एकूण एकोणीस मिनिटे. शंभर लावले तर जवळजवळ अकरा. हजार लावा की लाख, दहाच्या खाली आपण जाणार नाही.

शिवाय हात वाढले की गोंधळाचा संभव वाढतो. रेल्वेची एकच शायिका उरली आहे, आणि दोन खिडक्यांवर एकाच क्षणी ती रिकामी दिसते. दोघांनीही ती देऊ नये म्हणून एकाला कुलूप लावून दुसऱ्याला थांबवावे लागते. थांबणे आले की वेग गेला.

म्हणून अनेक हातांचा मार्ग व्यर्थ, असे मात्र नव्हे. जॉन गुस्टाफसन यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की हात वाढले म्हणजे माणूस जुनेच काम लवकर उरकत बसत नाही, मोठे काम अंगावर घेतो. आपल्या पुण्यनगरीत तेच घडत होते. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ मध्ये तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला, तो अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडूनच. हवामानासारख्या प्रश्नाला ही रीत मानवते. आकाशाचे चौकोन पाडावेत, प्रत्येकाचा हिशेब एकेकाने करावा, आणि शेजाऱ्यांनी कडांचे आकडे एकमेकांस कळवावेत.

मग पुढे काय? सारे कोअर एकसारखे असण्याचे दिवस सरत आले आहेत. मोबाइलमध्ये जड कामाला मोठे आणि किरकोळ कामाला लहान, विजेची बचत करणारे कोअर आहेत. एका मोठ्या चिपऐवजी लहान तुकडे जोडले जात आहेत. चित्रे व कृत्रिम बुद्धिमत्ता यांसाठी हजारो साध्या हातांचे वेगळे प्रोसेसर आहेत. तरीही काम वाटायचे कसे, हे माणसालाच ठरवावे लागते. ती कला अजून अवघड आहे.

तेव्हा दुकानदाराला कोअर किती हे जरूर विचारा, पण आपले काम कोणते हे आधी स्वतःला विचारा. पत्र लिहायला चार आणि आठ सारखेच. चित्रपटाचे संकलन करणाऱ्याला फरक नक्की जाणवेल. आणि येथे बसलेल्या तरुण मित्रांना सांगणे एवढेच, की या विद्येत शिरणार असाल तर काम वाटण्याची कला शिका.

मी ती उशिरा शिकलो. पुढे वरिष्ठांची संमती घेऊन सहीचे अधिकार दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांत वाटून दिले, आणि तो ढीग चार महिन्यांत ओसरला. त्यासाठी एकही नवा कारकून नेमावा लागला नाही.