गाडीच्या अंगावरचा टवका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजवर या व्यासपीठावर लोणच्यांवर, बालसंगोपनावर आणि बचतीवर व्याख्याने झाली. आज मोटारीच्या रंगावर एक बाई बोलणार म्हटल्यावर काही जणींना हसू आले असेल. पण थोडा विचार करा. आपले पुनावळे गाव १९९७ साली महापालिकेत आले, आणि तेव्हापासून शेताच्या जागी इमारती आणि बैलगाडीच्या जागी मोटार आली. पिंपरीच्या टेल्को कारखान्यातली इंडिका १९९८ साली रस्त्यावर आली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. मोटारी जन्मतात त्या पट्ट्यात आपण राहतो. घराखालोखाल मोठी रक्कम आपण ज्या वस्तूत घालतो, ती ही गाडी. तेव्हा तिच्या अंगावर टवका उडाला तर काय करावे, हे गृहिणीला ठाऊक असावयास नको का?

आधी टवका उडतो कसा ते पाहू. आपल्या भोवती खडी-वाळू वाहणारे डंपर अहोरात्र चालतात. त्यांच्यातून सांडलेली खडी पुढच्या गाडीच्या चाकाखाली येते आणि गोफणीतल्या दगडासारखी मागच्या गाडीवर येऊन बसते. वेग दुप्पट झाला की त्या आघाताचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून किवळ्यापाशी द्रुतगती मार्गाला लागल्यावर पुढच्या गाडीला चिकटून जाऊ नये. यात जिवाची काळजी तर आहेच, बॉनेटचीही आहे. दुसरे कारण आपल्या वाहनतळातले. दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा, आणि मूल धाडकन दार उघडते. दाराच्या कडेचा रंग गेला, शेजारच्या गाडीचाही गेला, आणि वर शेजारधर्मही गेला! दार उघडताना कडेला हात धरावा, ही सवय मुलांना लहानपणीच लावावी.

आता हा रंग म्हणजे असतो तरी काय? एकावर एक असे चार थर असतात. उघड्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया करतात, म्हणजे पुढचा थर घट्ट धरतो. मग गाडीचा सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिले अस्तर चढवितात, आणि १६० ते १८० अंश उष्णतेच्या भट्टीत ते भाजतात. त्यावर दुसरे अस्तर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सर्वांत वर चकाकणारा पारदर्शक थर. गॅरेजमध्ये त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे चारही थर मिळून जाडी किती? मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. वहीच्या दीड-दोन पानांइतकी! एवढ्याशा कवचावर आपल्या पत्र्याचे आयुष्य अवलंबून असते.

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यात आपण ताक ठेवीत नाही. लोखंडी तवा धुतला की पुसून त्याला तेलाचा हात लावतो. का? तर उघडे लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. मोटारीच्या पत्र्याचेही तेच. फरक एवढाच, की गंजाला मूळच्या लोखंडाहून कितीतरी जास्त जागा लागते. तो टवक्याच्या कडेने रंगाखाली शिरतो आणि रंगाला खालून उचलतो. मग फोड येतो, फोडाचा पोपडा होतो, आणि मसुराएवढा टवका दोन-तीन पावसाळ्यांत रुपयाएवढा होतो. खारी हवा त्याला आणखी घाई करते. गणपतीला कोकणात जाऊन आलेली गाडी वरूनच नव्हे, खालूनही स्वच्छ धुवावी ती यासाठी. पुष्कळ नव्या गाड्यांच्या पत्र्याला बादलीसारखा जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. तेवढी सवड मिळते, पण ती कायमची नव्हे.

मात्र प्रत्येक टवका पाहून घाबरून जाण्याचेही कारण नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. बोट ओले करून डागावर फिरवा. ओला असताना डाग दिसेनासा झाला तर ओरखडा फक्त पारदर्शक थरात आहे, पॉलिशने भागेल. आत करडा वा पांढुरका रंग दिसला तर अस्तर शाबूत आहे; काही आठवड्यांत ठिपका भरावा. लखलखीत पत्रा दिसला तर त्याच आठवड्यात भरावा, आणि पावसाळ्यात तर ऊन पडताच. तांबूस डाग दिसला तर गंज सुरू झाला आहे. तो खरवडून काढल्यावाचून वर रंग लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. आणि पुढचा-मागचा बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो. प्लॅस्टिकला गंज धरत नाही. तिथला टवका दिसावयास वाईट, पण त्यासाठी महिन्याचे गणित बिघडवू नये.

ही परीक्षा ठाऊक नसली की काय होते? बाई एकटी गॅरेजमध्ये गेली की पहिला प्रश्न येतो, “साहेब नाही आले?” आणि मग मसुराएवढ्या टवक्यासाठी सबंध दार नाही तर सबंध बॉनेट रंगविण्याचा सल्ला मिळतो. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. कारखान्यात गाडीत गाद्या, तारा, प्लॅस्टिक बसण्याआधी उघडा सांगाडा भट्टीत भाजतात. पुरी गाडी तशी भाजता येत नाही. गॅरेजचा रंग फार तर साठ अंशांच्या आसपास, किंवा हवेवरच वाळवितात. तेव्हा कारखान्याचे मूळ अस्तर एकदा घासून काढले की ते पुन्हा मिळत नाही. शिवाय चमकी असलेल्या रंगाची छटा शेजारच्या पत्र्याशी तंतोतंत जुळविणे कठीण असते. गाडी विकावयास काढली की जाणता गिऱ्हाईक रंगविलेला पत्रा लगेच ओळखतो. म्हणून माझे सांगणे एवढेच: मूळ रंग जपा, आणि टवका लहान आहे तोवर तेवढाच भरा.

हे काम घरी होते. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टी असते, तिच्यावर रंगाचा क्रमांक असतो. नुसते “पांढरा द्या” म्हणू नये. पांढऱ्यातही अनेक पांढरे असतात. त्या क्रमांकाची टच-अपची छोटी बाटली, थोडे अस्तर, पारदर्शक थराची बाटली आणि बारीक वॉटरपेपर आणावा. कोरड्या दिवशी, सावलीत, गाडी थंड असताना जागा सौम्य साबणाने धुऊन पुरती वाळवावी. सुटलेल्या कडा सुईच्या टोकाने काढाव्यात. गंज असेल तर काडीच्या टोकाला वॉटरपेपरचा इवलासा तुकडा चिकटवून तेवढीच जागा, पत्रा चमकेपर्यंत घासावी. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. पत्रा उघडा असेल तर दात कोरण्याच्या काडीने अस्तराचा ठिपका द्यावा आणि वाळू द्यावे. नंतर बाटली चांगली हलवून रंगाचे दोन-तीन पातळ ठिपके, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. कुंकवाची कोयरी रेखताना हात जसा हलका ठेवतो तसा ठेवावा. एकदम जाड गोळा ठेवू नये. शेवटी पारदर्शक थर. पुढे महिनाभर त्या जागी पॉलिश घासू नये. जवळून ठिपका दिसेल, चार हातांवरून दिसणार नाही, आणि गंजाची वाट बंद होईल.

कोणी विचारील, नेलपॉलिश लावले तर? प्रश्न हसण्यासारखा नाही. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे लॅकर निघाले, आणि आपले नेलपॉलिश त्याच कुळातले आहे. स्वच्छ, कोरड्या, गंज नसलेल्या टवक्यावर बिनरंगी नेलपॉलिश चार दिवसांची पट्टी म्हणून चालेल. गंजावर मात्र लावू नये. ओल आत कोंडली जाते.

दोन धोक्यांच्या सूचना देते, कारण घरात मुले आहेत. घरगुती रंगांत शिसे दर दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; पण तो घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरता आहे, मोटारीच्या रंगांचा त्यात समावेश नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, नाका-तोंडावर मास्क बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे. दुसरे म्हणजे, हार्डनर मिसळून फवारण्याच्या रंगात बहुधा आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने दमा जडू शकतो. तसली फवारणी सोसायटीच्या वाहनतळात कोणालाही करू देऊ नये. ते काम योग्य साधने असलेल्या गॅरेजचे.

पैशाबद्दल एक शब्द. विमा आहे म्हणून टवक्यासाठी दावा करण्याचा मोह होतो. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत सूट, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. एका दाव्याने ती शून्यावर येते. आधी वहीत बेरीज-वजाबाकी करा, मग ठरवा.

आणि मोठेच काम निघाले, गॅरेजमध्ये जावेच लागले, तर तीन प्रश्न विचारा. गंज पत्रा चमकेपर्यंत काढणार का? लांबी भरण्याआधी अस्तर देणार का? पारदर्शक थर देऊन वाळावयास किती वेळ ठेवणार? नवा रंग वर्षभरात पोपडे धरतो तो बहुधा खालची तयारी नीट न झाल्यामुळे. रंगाचा दोष त्यात क्वचितच. हे तीन प्रश्न विचारणाऱ्या बाईला “साहेबांना पाठवा” असे सहसा कोणी म्हणत नाही.

आपण वर्षातून दोनदा गाडीला प्रदक्षिणा घालण्याचा नेम करू या. एकदा मृगाच्या पावसाआधी आणि एकदा दसऱ्याला, झेंडूचा हार घालण्यापूर्वी. बॉनेट, दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी नजरेखालून घालाव्यात. दसऱ्याला गाडीला हळदकुंकू वाहतो, तेव्हा तिच्या अंगावरची जखमही त्याच दिवशी भरून निघावी. मंडळाने मनावर घेतले तर एखाद्या रविवारी अंगणात आपण हे प्रत्यक्ष करून पाहू. एक वॉटरपेपर दहा जणींना पुरतो.