काचेतून दिसणारा हिरवा

सोपाऱ्यातलं आमचं कौलारू घर पाडलं, तेव्हा सामान हलवताना अम्मीचा कंदील पडला आणि त्याची काच फुटली. उरला एक फोटो. माझी लेक संगणकावर त्रिमिती चित्रं करते. त्या फोटोवरून तिने कंदील पुन्हा घडवला आणि माझ्या कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर तोच घ्यायचं ठरलं.

छापखान्यातून पहिला नमुना आला तो असा : हिरव्या मुखपृष्ठावर पांढरा चौकोन आणि चौकोनात कंदील! चूक आमचीच होती. चित्र जेपेग प्रकारात साठवून पाठवलं होतं. जेपेगमधल्या प्रत्येक ठिपक्याजवळ तांबडा, हिरवा आणि निळा एवढ्याच रंगांचा हिशेब असतो. ‘इथे काहीच नाही’ हे सांगायची सोय त्यात नाही. मग रिकामी जागासुद्धा कुठल्या तरी रंगाने भरली जाते.

छापखान्यातल्या मुलाने पांढरं तेवढं खोडून पाहिलं. पण काचेवरची चमकही पांढरीच होती, तीही गेली. कडेला पांढरट किनार मात्र राहिली. कडेच्या ठिपक्यांत थोडा कंदील आणि थोडी मागची जागा असं मिश्रण झालेलं असतं. ते मागाहून निवडता येत नाही. दुधात पाणी घातल्यावर कोण निवडणार?

लेक म्हणाली, “अब्बा, मागचं खोडायचं नाही. मुळात येऊच द्यायचं नाही.” ती ब्लेंडर नावाची, फुकट मिळणारी संगणक-प्रणाली वापरते. तीत ‘फिल्म’ या सदरात ‘ट्रान्स्परंट’ अशी खूण करायची. मग चित्र पीएनजीमध्ये साठवायचं आणि रंगांच्या जागी ‘आरजीबी’ नव्हे, ‘आरजीबीए’ निवडायचं. शेवटचा ‘ए’ म्हणजे अल्फा, चौथा आकडा. शून्य असेल तर तिथे काही नाही, २५५ असेल तर भिंतीसारखं भरीव. मधले आकडे मला आवडले. ते मलमलीच्या ओढणीसारखे. ओढणीही दिसते आणि तिच्यामागचा चेहराही.

ही कल्पना एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांची. १९७७-७८च्या सुमारास ते न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये होते. दोन चित्रं किती किती प्रमाणात मिसळायची, याच्या सूत्रात ‘अल्फा’ हे ग्रीक अक्षर होतं, तेच नाव पडलं. १९८४मध्ये पोर्टर आणि डफ यांनी एकावर एक चित्रं ठेवण्याचं गणित नीट मांडलं. त्याआधी सिनेमावाले हेच काम काळे पडदे लावून आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून करत. आपले दादासाहेब फाळके त्यात पटाईत! जादूचे प्रयोगही करायचे ते, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. आडनाव उलटं करून घेतलेलं हे नाव मला कुठल्याही टोपणनावापेक्षा सरस वाटतं.

असो. दुसरा नमुना आला. चौकोन गेला, किनार गेली, पण काच राखाडी! पार्श्वभूमी पारदर्शक केली तरी काच आपोआप पारदर्शक होत नाही. तिच्यातून संगणकातलं ते पोकळ, राखाडी आकाशच दिसत राहतं. काचेसाठी त्याच सदरात वेगळी खूण असते. ती केल्यावर काचेपलीकडे मुखपृष्ठाचा हिरवा रंग दिसू लागला.

तरी एकदा घोळ झालाच. चित्र मी मोबाइलवरून फोटो म्हणून पाठवलं आणि वाटेत त्याचं पुन्हा जेपेग झालं. पुन्हा तो चौकोन! असं चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं.

आता पुस्तक छापून आलंय. काचेला पूर्वी तडा गेला होता, तिथे अम्मीने कागदाची पट्टी चिकटवली होती. लेकीने तीही ठेवलीय. मी विचारलं, “पट्टीला अल्फा किती दिलास?”

“दोनशे. तेलाने जरा पारदर्शक झाली होती ना ती.”