पिंपांतली धुरी

समुद्र आणि कारखाना हे दोन शेजारी एकमेकांच्या इतक्या जवळ नांदतात असा मुलूख महाराष्ट्रांत विरळाच. पालघर स्टेशनावर उतरून पश्चिमेचा रस्ता धरला कीं सातपाटीची कोळीवस्ती व तिचें पापलेट. उत्तरेस थोडें पुढें गेलें कीं बोईसर, आणि त्याला लागूनच तारापुरची औद्योगिक वसाहत. एकीकडे सुकत्या मासळीचा वास, दुसरीकडे रसायनांचा. या दोन शेजाऱ्यांची गांठ सध्यां एका अगदीं साध्या वस्तूंत पडूं लागली आहे. ती वस्तु म्हणजे दोनशें लिटरचें पोलादी पिंप. तें उभें करावें, तळाशीं विस्तव ठेवावा, वर जाळीवर मासा मांडावा, आणि झांकण घालून त्याला दोन तास धुरी द्यावी, असा हा छंद आहे. अमेरिकेंत तो जुना झाला. इकडे तो नव्यानें शिरतो आहे.

नव्यानें म्हणावयाचें तें पिंपापुरतेंच. रायगडांत थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यांत घालून मडक्यांत पोपटी लावतात. वलसाडच्या बाजूस त्याच जातीचें उंबाडियुं होतें. लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर कुपा मासा उकडून, धुरावर धरून व उन्हांत वाळवून त्याचें मासमीन करतात. तें लांकडासारखें कठीण होतें व महिनोन् महिने टिकतें. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कोळणी तर तेलाचीं रिकामीं पिंपें कापून त्यांच्याच भट्ट्या करीत आल्या. त्या भट्टीस लांकूड फार लागे व धूर तोंडावर येई, म्हणून १९७० च्या सुमारास घानांतील चोरकोर या कोळीवस्तींत तिच्या जागीं चौकोनी, मातीची, एकावर एक जाळ्या बसणारी भट्टी सुधारून काढण्यांत आली. म्हणजे पिंप ही कांहीं शेवटली पायरी नव्हे. पण एका कुटुंबाच्या चारसहा बांगड्यांस तें पुरेसें आहे.

या पिंपाचा जन्मही मनोरंजक आहे. १९०५ सालीं हेन्री वेरहान या कारागिरानें त्याच्या बांधणीचें पेटंट घेतलें व तें नेली ब्लाय या बाईंस दिलें. जगप्रदक्षिणा करून गाजलेल्या वार्ताहर बाई त्या ह्याच. पतीच्या मागें त्या लोखंडी भांड्यांचा कारखाना चालवीत होत्या. तेल वाहण्यासाठीं निघालेलें हें भांडें पुढें त्रिनिदादांत वाद्य बनलें. मग त्याची चूल झाली तर नवल कसलें? आंतून त्याचा व्यास सुमारें सत्तावन सेंटिमीटर आणि उंची सुमारें पंचायशीं सेंटिमीटर. धुरीला हें माप जणूं मुद्दाम घेतल्यासारखें बेतशीर पडतें.

आतां खरी गोष्ट. कल्पना करावी कीं पालघरांतील एक गृहस्थ रविवारीं सकाळीं भंगाराच्या दुकानांत गेले आहेत. ओळीनें मांडलेल्या पिंपांतलें एक त्यांना पसंत पडतें.

“यांत काय होतें हो?”

“कारखान्याचा माल असेल, साहेब. पण आंत आतां कांहीं नाहीं. चांगलें धुवून ठेवलें आहे.”

हें उत्तर ऐकून गृहस्थांनीं पैसे खिशांतच ठेवावेत. “कारखान्याचा माल” या दोन शब्दांत विद्रावक, रंगद्रव्यें, कीटकनाशकें, आम्लें यांपैकीं कांहींही मावतें. पत्र्याच्या शिवणींत व बुचाच्या आट्यांत जें मुरलें तें पाण्यानें जात नाहीं, आणि विस्तवानें जें निघतें तें प्रथम मासळीवर बसतें. घातक रसायनांनीं माखलेलीं रिकामीं पिंपें ही २०१६ च्या नियमांप्रमाणें स्वतःच घातक कचऱ्यांत मोडतात, व तीं परवानाधारकाकडेच गेलीं पाहिजेत. शंभरदोनशें रुपये वाचले म्हणून घरांतील लेंकरांच्या पानांत तीं वाढावयाचीं, हा व्यवहार कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं. बोईसरांत पिंप सहज मिळतें, आणि तेथेंच तें सर्वांत जपून घेतलें पाहिजे. नवें कोरें, आंतून रंग वा लेप नसलेलें पिंप घ्यावें. तें न मिळाल्यास खाद्यतेलाचें, पण चिठ्ठी शाबूत असलेलें. जस्ताचा मुलामा असलेलें मात्र नको. विस्तवाच्या जवळ तें जस्त तापलें तर त्याचा धूर श्वासांत गेल्यानें थंडी वाजून ताप भरतो, हें सांधणी करणाऱ्या कारागिरांस चांगलें ठाऊक असतें.

दुसरें संकट कापण्याचें. भरलेल्या पिंपापेक्षां रिकामें पिंप अधिक भयंकर, ही गोष्ट प्रथमदर्शनीं उफराटी वाटते. पण भरल्या पिंपांत वाफेला जागा नसते. रिकाम्यांत तळचा ओलावा वाफ होऊन हवेंत मिसळतो, आणि त्या मिश्रणाला एक ठिणगी पुरते. म्हणून बंद पिंपाला ग्यासची ज्योत किंवा फिरती चकती कधींही लावूं नये. सुट्या झांकणाचें, कडीनें आवळण्याचें पिंप घेतलें म्हणजे कापण्याची यातायातच उरत नाहीं.

मग काम उरतें तें अर्ध्या दिवसाचें. तळापासून चार बोटें वर, सारख्या अंतरावर, अडीच सेंटिमीटरचीं तीन भोंकें पाडावीं. प्रत्येकावर एका स्क्रूभोंवतीं फिरणारी पत्र्याची चकती बसवावी. झांकणाला मध्यभागीं पांच सेंटिमीटरचें एक भोंक, त्यावरही तशीच चकती. जाड जाळीची एक टोपली करावी, तीस सेंटिमीटर व्यासाची, आठ सेंटिमीटर उंच पायांची. पायांखालीं राख झेलण्यास एक थाळी. टोपलीच्या बुडापासून साठ सेंटिमीटर वर पिंपाच्या अंगांत चार बोल्ट आंतल्या बाजूस निघतील असे बसवावे, त्यांवर मासा मांडावयाची जाळी टेकते. विस्तव व मासा यांत एवढें अंतर असल्याशिवाय धुरी होत नाहीं, भाजणें होतें. झांकणाजवळ एक उष्णतामापक खोंचला कीं यंत्र पुरें झालें. सारी कळ त्या तीन चकत्यांत आहे. वारा कोंडला कीं निखारा मंदावतो, सोडला कीं फुलतो. सवय झालेला माणूस एका चकतीच्या अर्ध्या फिरकीनें दहा अंश चढवितो किंवा उतरवितो.

पहिल्या दिवशीं पिंपांत मासा ठेवावयाचा नसतो. झांकण काढून, उघड्या जागीं, वाऱ्याच्या पाठीला उभें राहून दोन तास कडक जाळ करावा, म्हणजे बाहेरचा रंग व आंतला तेलकटपणा जळून जातो. निवाल्यावर घांसून, आंतून खाद्यतेलाचा हात फिरवून पुन्हां तापवावें. सदनिकेच्या सज्जांत हें पिंप चालणार नाहीं. कोळशाच्या वायूला वास नसतो, आणि तो माणसाला उठूं देत नाहीं.

जळणाविषयीं या किनाऱ्यास वाण नाहीं. नारळाच्या करवंटीचा कोळसा मंद व एकसारखा जळतो. धुरासाठीं आंब्याचे, चिंचेचे किंवा बाभळीचे मुठीएवढे दोनतीन वाळके तुकडे पुरेत. राळेचीं लांकडें, खोक्यांच्या फळ्या, प्लायवुड, रंगविलेली चौकट हीं सर्व वर्ज्य. कण्हेर तर विषारीच. तिवरांस हात लावूं नये, त्यांना कायद्याचें संरक्षण आहे. टोपलींत न पेटलेले कोळसे भरून त्यांवर आठदहा पेटते निखारे ठेवावे. विस्तव वरून खालीं हळूहळू उतरतो व मधून मधून कोळसा घालावा लागत नाहीं.

मासा कोणता घ्यावा? बांगडा, तारली, सुरमई, म्हणजे ज्यांच्या अंगीं तेल आहे असे. पाहुण्यांस नवल दाखवावें म्हणून कोणी बोंबील टांगतो, आणि पाऊण तासानें तो खालीं निखाऱ्यांत शोधतो! बोंबलाच्या अंगांत दहांतले जवळजवळ नऊ भाग पाणी. त्याला ऊन व वाराच मानवतो, आणि बांबूच्या मांडवांवर त्याला वाळविणाऱ्या कोळणींना तें कोणी शिकवावें लागलें नाहीं.

बांगडा पाठीवरून चिरून, साफ करून, एक लिटर पाण्यास शंभर ग्रॅम मीठ अशा द्रावणांत तासभर ठेवावा. पुसून, जाळीखालीं, पंख्याच्या वाऱ्यावर त्याचें अंग किंचित् चिकट व चकचकीत होईपर्यंत वाळवावें. उतावळे लोक नेमकी हीच पायरी गाळतात, आणि मग धूर कडू लागला म्हणून लांकडास दोष देतात. ओल्या अंगावर धूर काजळीसारखा बसतो. त्या पातळ कोरड्या पापुद्र्यावर तो सोनेरी चढतो. पिंपांतील उष्णतामान ऐंशी ते शंभर अंश सेंटिग्रेड असावें, आणि माशाचा गाभा त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास तरी राहिला पाहिजे. झांकणावरील कांट्यानें ही गोष्ट कळत नाहीं. सुईचा उष्णतामापक जाड भागांत टोंचूनच पाहावें लागतें.

धुरांत असलेलीं फिनोलें व आम्लें जंतूंची वाढ रोखतात, पण त्याच धुरांत बेन्झोपायरीनसारखीं कर्करोगकारक द्रव्येंही असतात. निखाऱ्यावर चरबी ठिबकली व जाळ गुदमरला कीं तीं वाढतात. युरोपांत २०१४ पासून धुरविलेल्या माशांत बेन्झोपायरीनची मर्यादा किलोस दोन मायक्रोग्रॅम ठरली आहे. घरीं तें मोजतां येत नाहीं. परंतु जाळीखालीं ठिबक झेलणारी थाळी ठेवतां येते, आणि धुराचा रंगही पाहतां येतो. दाट, पिवळट पांढरा धूर निघत असेल तोंवर मासा बाहेरच असावा. पातळ, निळसर धूर सुरू झाला म्हणजे आंत घालावा. रोजच्या जेवणाचा हा पदार्थ नव्हे, महिन्यांतून एकदोनदां पुरे.

दरवर्षीं जून-जुलैंत मासेमारी बंद असते, म्हणून आधीं मेमध्यें पुष्कळसा मासा धुरवून बेगमी करावी, असा मोह कोणासही होईल. तो अजिबात आवरावा. मासमीन टिकतें तें वाळून लांकूड झाल्यामुळें. पिंपांतला बांगडा आंतून रसाळ राहतो, धूर त्याच्या कातड्यापलीकडे फारसा जात नाहीं. तो त्याच दिवशीं खावा, किंवा दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवून दोनतीन दिवसांत संपवावा. हवाबंद डब्यांत किंवा पिशवींत तर मुळींच कोंडूं नये. बॉट्युलिनमचा जंतु हवा नसेल तेथेंच वाढतो, आणि त्यानें नासलेल्या माशाला वास येतोच असें नाहीं. पावसाळ्यासाठीं सातपाटीच्या बाजारांतला सुका बोंबीलच घ्यावा.