‘मुद्राराक्षसां’तील हेर आणि सूड

हेरकथा म्हटली कीं वाचकाला लंडन किंवा बर्लिन आठवतें. परंतु सूड, बनावट पत्र आणि दोहों पक्षांत वावरणारे हेर यांवर उभारलेलें एक ७ अंकी संस्कृत नाटक आपल्या घरींच आहे. तें म्हणजे विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’.

नाटकाच्या आरंभींच नंदकुलाचा नाश झालेला आहे. चंद्रगुप्त मौर्य पाटलिपुत्राच्या सिंहासनावर बसला आहे. तरीहि चाणक्याची शेंडी मोकळीच. कारण नंदांचा अमात्य राक्षस अद्याप हातीं लागलेला नाहीं, आणि चाणक्याला त्याचें शिर नको आहे. तो चंद्रगुप्ताचा मंत्री म्हणून हवा आहे. राक्षसानें आश्रय घेतला आहे मलयकेतूचा. या तरुण राजपुत्राचा पिता पर्वतक विषकन्येला बळी पडला होता.

पितृवधाचा हा सूड न्याय्यच होता. चंद्रगुप्तासाठीं राक्षसानें योजिलेली विषकन्या पर्वतकाकडे वळविली ती चाणक्यानें. भागुरायणानें तसें सांगूनच मलयकेतूला पाटलिपुत्रांतून पळविलें होतें. परंतु हा भागुरायणच चाणक्याचा माणूस! राक्षसाचा विश्वासू क्षपणक जीवसिद्धि हा चाणक्याचा सहाध्यायी. आणि सिद्धार्थकाचें काय सांगावें? त्यानें राक्षसाचा मित्र शकटदास याला वधस्थानावरून खरोखरच सोडवून आणलें. उपकार खरा, आणि तोच सापळा.

पांचव्या अंकांत हीं सर्व सूत्रें ओढलीं जातात. मलयकेतूच्या कानीं पडेल अशा बेतानें जीवसिद्धि सांगतो कीं विषकन्या राक्षसाची होती. बोल अर्धा खरा. म्हणूनच तो जिव्हारीं लागतो. मग सिद्धार्थक ‘पकडला’ जातो. त्याच्यापाशीं शकटदासाच्या अक्षरांतील, राक्षसाच्या मुद्रेचें पत्र निघतें, आणि मलयकेतूनेंच राक्षसाला दिलेले अलंकार. ती मुद्रा आली कोठून? चंदनदास जवाहिऱ्याच्या घरीं लपलेली राक्षसपत्नी बाहेर धांवलेल्या मुलाला आंत ओढीत असतां तिच्या बोटांतून गळली, आणि यमलोकाचीं चित्रें दाखवीत हिंडणाऱ्या हेराच्या पायाशीं येऊन पडली!

मलयकेतु राक्षसाला दूर करतो, मित्रराजांना ठार करवितो आणि अखेर स्वतःच बंदिवान होतो. चंदनदासाचे प्राण वांचावे म्हणून राक्षस मंत्रिपद पत्करतो. त्याच्याच शब्दावरून मलयकेतूला पैतृक राज्य परत मिळतें. चाणक्य शेंडी बांधतो.

भागुरायणानें पूर्वीं एकदां सांगितलेलें सत्य मात्र मलयकेतूपाशीं आतां कोणीहि उच्चारीत नाहीं.